स्मॉल-कॅप ईटीएफ घेण्याआधी मी काय काय उघडून बघते

ईटीएफ म्हणजे शेअरसारखा बाजारात घेता-विकता येणारा फंड, आणि स्मॉल-कॅप म्हणजे छोट्या कंपन्यांचा. असा फंड समजायला किती अवघड आहे आणि त्यात किती पैसे बुडू शकतात, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. माहितीपत्रकावर मात्र जोखमीची एकच रंगीत पट्टी असते आणि बहुतेक जण ती बघून पान उलटतात. कुणालाही पाच मिनिटांत कळेल असा साधा फंड तुमची रक्कम निम्म्यावर आणू शकतो. उलट पोटात स्वॅपचे (बँकेशी परताव्याची अदलाबदल करण्याचे) करार असलेला क्लिष्ट फंड वर्षानुवर्षं साध्या फंडाइतकाच वर-खाली होताना दिसतो. म्हणून मी कोऱ्या कागदावर दोन रकाने आखते. डावीकडे ‘कळायला किती अवघड’, उजवीकडे ‘किती दुखेल’. एका रकान्यातली गोष्ट दुसऱ्यात जाऊ द्यायची नाही, एवढा एकच नियम.

माझी सगळी नोकरी फंडांच्या हिशेब विभागात झाली. बाजार बंद झाला की आमचं काम सुरू व्हायचं: प्रत्येक शेअरला बंद भाव लावायचा, खर्च वजा करायचा आणि एनएव्ही, म्हणजे फंडाच्या एका युनिटची किंमत, काढून द्यायची. मोठ्या कंपन्यांचे फंड झटपट उरकायचे. छोट्या कंपन्यांच्या फंडात मात्र एखाद्या शेअरचा दिवसभरात सौदाच झालेला नसायचा, मग त्याला आदल्या दिवसाचाच भाव लावायचा. म्हणजे चार दशांश स्थळांपर्यंत छापलेल्या त्या एनएव्हीत थोडा अंदाज मिसळलेला असायचा. तेव्हापासून स्मॉल-कॅप फंडाच्या कोणत्याही काटेकोर आकड्याकडे मी जरा तिरकस नजरेनेच बघते.

आधी निर्देशांकाची नियमावली

बहुतेक ईटीएफ एखाद्या निर्देशांकामागे, म्हणजे ठरावीक नियमांनी बनवलेल्या शेअरांच्या यादीमागे चालतात. त्यामुळे फंडाचं माहितीपत्रक वाचण्याआधी निर्देशांकाची नियमावली उघडायची. ती फुकट मिळते, कंटाळवाणी असते आणि सगळं खरं तिथेच लिहिलेलं असतं.

पहिला प्रश्न: ‘छोटी कंपनी’ कुणाला म्हणायचं? याला जगात एकच उत्तर नाही. रसेल २००० या निर्देशांकात अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या तीन हजार कंपन्यांची यादी घेऊन वरच्या एक हजार बाजूला काढतात आणि उरलेल्या दोन हजार ठेवतात. कंपनी नफ्यात असलीच पाहिजे अशी अट नाही, त्यामुळे अलीकडच्या वर्षांत त्यातल्या एक तृतीयांशाहून जास्त कंपन्या तोट्यात होत्या. एस अँड पी स्मॉलकॅप ६०० हाही अमेरिकेतल्या छोट्या कंपन्यांचाच निर्देशांक. पण तिथे प्रवेश करताना शेवटच्या तिमाहीत नफा हवा आणि मागच्या चार तिमाहींची बेरीजही नफ्याची हवी. दोन्हींच्या नावात ‘स्मॉल’ आहे, दोन्हींवर स्वस्त ईटीएफ निघालेले आहेत आणि आत मात्र वेगळाच माल आहे. निफ्टी स्मॉलकॅप २५० ची पद्धत तिसरीच: निफ्टी ५०० मधल्या आकाराने खालच्या अडीचशे कंपन्या. एमएससीआय वर्ल्ड स्मॉल कॅपमध्ये २३ विकसित देश येतात, पण निम्म्याहून जास्त वजन एकट्या अमेरिकेचं. ‘वर्ल्ड’ वाचून जगभर विखुरलेली गुंतवणूक केली असं समाधान मिळतं, ते किती खरं आहे हे देशांचा तक्ता बघितल्यावर कळतं.

दुसरा प्रश्न: यादी किती वेळा बदलते? रसेलची फेररचना कित्येक वर्षं वर्षातून एकदाच, जूनमध्ये होत असे. २०२६ पासून ती जून आणि नोव्हेंबर अशी दोनदा ठरली आहे. मधल्या काळात एखादी कंपनी कितीही फुगली तरी ती यादीत तशीच राहते. २०२४ च्या सुरुवातीला सुपर मायक्रो कॉम्प्युटर या कंपनीचं बाजारमूल्य पन्नास अब्ज डॉलरच्या वर गेलं. मार्चमध्ये ती एस अँड पी ५०० मध्ये, म्हणजे मोठ्या कंपन्यांच्या पंगतीत बसली. तरी जूनपर्यंत ती रसेल २००० मध्येही होती आणि तिथे तिचं वजन सर्वांत जास्त होतं. ज्यांनी ‘छोट्या कंपन्या’ म्हणून पैसे घातले होते, त्यांच्या परताव्याचा त्या महिन्यांतला मोठा हिस्सा एका राक्षसाकडून आला. तो पैसा वाईट होता असं नाही, पण तुम्ही घेतलं काय आणि मिळालं काय, यातला फरक तुम्हाला ठाऊक असायला हवा.

फेररचनेच्या तारखा आधीच जाहीर असतात. कोणते शेअर आत येणार याचा अंदाज घेऊन व्यापारी ते आधी उचलून ठेवतात आणि फंडांना त्या दिवशी चढ्या भावाने घ्यावे लागतात. मोठ्या कंपन्यांत हे फारसं जाणवत नाही, छोट्यांत जाणवतं. हा खर्च कुठल्याही खर्चाच्या गुणोत्तरात (फंडाच्या वार्षिक खर्चाच्या टक्केवारीत) दिसत नाही. तो निर्देशांकाच्याच परताव्यात मुरलेला असतो, त्यामुळे फंड ‘निर्देशांकाबरोबर अगदी तंतोतंत चालला’ असं म्हणतो ते खरंच असतं आणि तरी तुमचे पैसे गेलेले असतात.

या दोन प्रश्नांची उत्तरं मी माझ्या शब्दांत, दोन-तीन वाक्यांत लिहून काढते. लिहिता आली नाहीत तर डावा रकाना आपोआप भरला.

फंड नक्कल कशी करतो

तीन मार्ग आहेत. सगळे शेअर निर्देशांकातल्या प्रमाणात विकत घ्यायचे, किंवा त्यातले निवडक घेऊन बाकीच्यांचं वागणं साधायचं, किंवा शेअर न घेता बँकेशी स्वॅपचा करार करून निर्देशांकाचा परतावा मिळवायचा. पहिला मार्ग कळायला सर्वांत सोपा. दुसऱ्याला सॅम्पलिंग म्हणतात आणि हजारो शेअर असलेल्या स्मॉल-कॅप निर्देशांकात तो नेहमीचा आहे. तिथे निर्देशांकाची नावं आणि फंडाकडची नावं यांची संख्या शेजारी-शेजारी मांडायची. अंतर मोठं असेल तर वाईट वर्षात फंड निर्देशांकापासून भरकटू शकतो, आणि भरकटणं दर वेळी तुमच्याच बाजूने होईल असं नाही.

तिसऱ्या मार्गात समोरच्या बँकेची पत हा नवा घटक येतो. युरोपातल्या युसिट्स नियमांत (सामान्य गुंतवणूकदारांच्या फंडांसाठीच्या) एका बँकेकडे अडकलेली अशी रक्कम फंडाच्या १० टक्क्यांपुढे जाऊ देत नाहीत. तारण काय ठेवलं आहे हे वार्षिक अहवालात सापडतं. मी अहवालाच्या पीडीएफमध्ये ‘तारण’ हा शब्द शोधते आणि तेवढीच पानं वाचते.

शेअर उसने देण्याची गंमत वेगळी. छोट्या कंपन्यांचे शेअर शॉर्ट करणाऱ्यांना, म्हणजे भाव पडेल या पैजेवर उसने शेअर विकणाऱ्यांना, ते उसने हवे असतात आणि त्यासाठी ते चांगलं भाडं मोजतात. त्यामुळे काही स्मॉल-कॅप फंडांचा बराचसा खर्च या भाड्यातूनच निघतो. भाड्यातला किती वाटा फंडाला मिळतो आणि किती व्यवस्थापनाच्या खिशात जातो, एवढं बघायचं. सगळाच्या सगळा वाटा क्वचितच फंडाकडे येतो.

आणि नावात ‘३एक्स’, ‘अल्ट्रा’, ‘बुल’, ‘बेअर’, ‘इन्व्हर्स’ यांपैकी काही दिसलं की तो वेगळाच प्राणी समजायचा. असे फंड निर्देशांकाच्या त्या दिवसाच्या चढ-उताराच्या काही पट किंवा उलटा परतावा देऊ पाहतात आणि रोजच्या रोज हिशेब नव्याने सुरू करतात. निर्देशांक १०० वरून १० टक्के चढून ११० झाला आणि दुसऱ्या दिवशी १० टक्के पडून ९९ झाला, तर निर्देशांकाचा तोटा १ टक्का. तिप्पट फंड १०० वरून १३० होतो आणि दुसऱ्या दिवशी ३० टक्के गमावून ९१ वर येतो. तोटा ९ टक्के, तीन नव्हे. स्मॉल-कॅप निर्देशांक मुळातच जास्त हेलकावे खातात, त्यामुळे ही झीज इथे आणखी जोरात होते. अमेरिकेतल्या फिन्रा या नियामक संस्थेने २००९ मध्येच सांगितलं होतं की एका दिवसापेक्षा जास्त काळ धरून ठेवू पाहणाऱ्या सामान्य गुंतवणूकदारांसाठी हे फंड सहसा योग्य नसतात. माझ्या भाचीने असाच एक फंड मला दाखवला होता. “मावशी, पाच वर्षं ठेवायचा विचार आहे,” म्हणाली. मी तिला फक्त वरची आकडेमोड स्वतःच्या हाताने पुढचे दहा दिवस वाढवून बघायला सांगितली, एक दिवस वर, एक दिवस खाली. पुढे काही बोलावं लागलं नाही.

बाहेर पडायचा दरवाजा

माझ्या मते स्मॉल-कॅप ईटीएफची खरी गोम इथे आहे. ईटीएफ तुम्हाला सांगतो की बाजार चालू असताना केव्हाही विका. आतले शेअर मात्र असं काही कबूल करत नाहीत. बाहेरचा दरवाजा रुंद आणि आतल्या खोल्यांचे दरवाजे अरुंद, असं हे घर आहे.

ते किती अरुंद आहेत हे मोजता येतं. फंडाची सर्व शेअरची यादी संकेतस्थळावर मिळते. तीतले वरचे दहा, मधले पाच आणि तळाचे पाच शेअर उचला. समजा फंड २०० कोटींचा आहे (चलन कोणतंही धरा) आणि एका शेअरचं वजन दीड टक्का. म्हणजे फंडाकडे त्याचे ३ कोटी. त्या शेअरची रोजची सरासरी उलाढाल ४० लाख. बाजारभाव न पाडता रोजच्या उलाढालीच्या पाचव्या भागाइतकंच विकता येईल असं धरलं, तर दिवसाला ८ लाख. तीन कोटी विकायला साधारण ३८ बाजार-दिवस, म्हणजे जवळजवळ दोन महिने. वीसही शेअरचे असे दिवस काढून ओळीने लिहा. बरेचसे पाचाच्या आत आले तर मी निश्चिंत असते. निम्मे पंधराच्या वर गेले तर उजव्या रकान्यात जाड अक्षरात लिहिते.

जाणकार इथे लगेच हरकत घेतात, आणि ती बरोबर आहे: ईटीएफमधून लोक बाहेर पडतात तेव्हा फंडाला शेअर विकावेच लागतात असं नाही. बहुतेक वेळा एक गुंतवणूकदार दुसऱ्याला युनिट विकतो. मोठी परतफेड असली तर मान्यताप्राप्त मध्यस्थ (फंडाशी थेट व्यवहार करणारी मोठी संस्था) युनिट परत करून शेअरांची टोपली घेऊन जातो. पण त्या मध्यस्थालाही टोपली विकायचीच असते. त्याला ३८ दिवसांचा माल मिळणार असेल तर तो युनिटला भाव कमी देणार. म्हणजे हे ३८ दिवस तुम्ही अडकून पडाल असं सांगत नाहीत, तर घबराटीच्या दिवशी एनएव्हीपेक्षा किती खाली विकावं लागेल याची कल्पना देतात. घाई ज्याला आहे, तो किंमत मोजतो.

फंड स्वतःच फार मोठा होणं हाही धोका आहे आणि याचं सर्वांत बोलकं उदाहरण २०१७ चं. व्हॅनएक या फंड कंपनीचा जीडीएक्सजे हा सोन्याच्या छोट्या खाण कंपन्यांचा ईटीएफ. त्यात इतका पैसा आला की काही कंपन्यांत त्याचा वाटा २० टक्क्यांच्या जवळ पोचला. त्यातल्या बऱ्याच कंपन्या कॅनडाच्या, आणि तिथे २० टक्के ओलांडले की कंपनी ताब्यात घेण्याचे नियम लागू होतात. शेवटी निर्देशांकाचे नियमच बदलून त्यात मोठ्या कंपन्या घ्याव्या लागल्या. बदल एप्रिलमध्ये जाहीर झाला आणि जूनमध्ये अमलात आला. मधल्या काळात ज्यांचं वजन घटणार होतं त्या छोट्या कंपन्यांचे भाव पडले, कारण विक्री येणार हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. म्हणून फंडाचा प्रत्येक कंपनीतला वाटाही बघायचा, आणि त्याच निर्देशांकावरचे दुसरे फंड किती मोठे आहेत तेही. सगळे एकाच दिवशी एकच शेअर विकायला येतात.

आता तुमच्या स्वतःच्या सौद्याकडे. खरेदी आणि विक्रीच्या भावातलं अंतर, ज्याला स्प्रेड म्हणतात, ते तीन-चार वेगवेगळ्या दिवशी बाजाराच्या मधल्या वेळात बघून लिहून ठेवा. स्प्रेड ०.४० टक्के असेल तर घेताना साधारण ०.२० आणि विकताना ०.२० टक्के गेले. वर्षाचा खर्च ०.३० टक्के असलेला फंड निवडण्यासाठी रात्रभर तुलना करणारे लोक हा खर्च बघतच नाहीत. बाजार उघडल्यावरची आणि बंद होण्याआधीची पंधरा-वीस मिनिटं टाळा. आतले शेअर दुसऱ्या देशातले असतील तर तिथला बाजार चालू असेल तेव्हाच सौदा करा, कारण तो बंद असताना मध्यस्थ अंदाजाने भाव लावतो आणि त्या अंदाजाचे पैसे तुमच्याकडून घेतो.

मार्केट ऑर्डर, म्हणजे मिळेल त्या भावाला सौदा, तर घालूच नका. २४ ऑगस्ट २०१५ च्या सकाळी अमेरिकेत ईटीएफ आणि शेअर मिळून बाराशेहून अधिक वेळा व्यवहार थांबवावे लागले. त्या गोंधळात काही ईटीएफ आतल्या शेअरांच्या किमतीपेक्षा कितीतरी खाली विकले गेले. ज्यांनी मार्केट ऑर्डर किंवा स्टॉप-लॉस (भाव ठरावीक पातळीखाली गेला की आपोआप विक्री) लावून ठेवला होता त्यांना मिळेल तो भाव घ्यावा लागला. काही तासांत भाव सावरले, पण त्यांचे सौदे होऊन गेले होते. लिमिट ऑर्डर (तुम्ही ठरवलेल्या किंवा त्याहून चांगल्या भावालाच सौदा) लावली तर वाईटात वाईट काय होईल? सौदा होणार नाही.

किती दुखेल

युरोपातल्या माहितीपत्रकात १ ते ७ असा जोखमीचा आकडा असतो. तो मुख्यतः चढ-उतारावरून काढतात: वार्षिक चढ-उतार १२ ते २० टक्क्यांत बसला की ४, २० ते ३० मध्ये बसला की ५. शांत काळ मोजला गेला की आकडा खाली येतो, वादळ येऊन गेलं की वर जातो. म्हणजे छत्री घ्या ही सूचना पाऊस पडून गेल्यावर मिळते. वर मी ज्या ३८ दिवसांबद्दल लिहिलं ते या आकड्यात उतरत नाहीत. पट्टी निरुपयोगी नाही, पण तिला एकच प्रश्न विचारलेला असतो.

त्यापेक्षा मी सर्वांत मोठी घसरण बघते. रसेल २००० हा २००७ च्या शिखरापासून २००९ च्या मार्चपर्यंत सुमारे ६० टक्के पडला. २०२० मध्ये साधारण महिनाभरात सुमारे ४० टक्के. ६० टक्के पडलेल्या पैशाला मूळ जागी यायला १५० टक्के वाढ लागते, ४० टक्क्यांना ६७. आणि घसरणीपेक्षा थांबणं जास्त छळतं. २०२१ च्या नोव्हेंबरमधलं शिखर ओलांडायला या निर्देशांकाला तीन वर्षांहून अधिक काळ लागला, आणि त्याच काळात मोठ्या कंपन्यांचे निर्देशांक नवनवे उच्चांक करत होते. शेजारच्याचं वाढतंय आणि आपलं जागच्या जागी आहे, हे तीन वर्षं बघत बसायची तयारी आहे का? ‘जोखीम घेण्याची क्षमता किती’ या ठरावीक प्रश्नाऐवजी मी हा विचारते.

फंड नवीन असेल तर त्याचा स्वतःचा इतिहास नसतो, मग निर्देशांकाचा बघायचा. पण निर्देशांक ज्या तारखेपासून प्रत्यक्ष चालू झाला त्याआधीचे आकडे मागाहून मोजलेले असतात. ते मी पेन्सिलीने लिहिते.

कोणत्या उद्योगांचं वजन जास्त आहे तेही पाहून घ्या. अमेरिकी स्मॉल-कॅपमध्ये प्रादेशिक बँका आणि औषध संशोधन करणाऱ्या कंपन्या भरपूर असतात. २०२३ च्या मार्चमध्ये तिथल्या काही बँका बुडाल्या तेव्हा त्या महिन्यात एस अँड पी ५०० वाढून बंद झाला आणि रसेल २००० घसरून. छोट्या कंपन्यांची कर्जं मोठ्यांच्या मानाने जास्त प्रमाणात बदलत्या व्याजदराची असतात, त्यामुळे दर वाढले की त्यांना चटका लवकर बसतो.

परकीय चलनाचा फंड असेल तर विनिमय दराची भर पडते. त्यावर इथे जास्त लिहीत नाही, सगळ्याच परदेशी फंडांना ते लागू आहे.

उरलेलं, भराभर

फंडाचा आणि निर्देशांकाचा वर्षवार परतावा शेजारी लिहा आणि वजाबाकी करा. फरक दर वर्षी साधारण खर्चाइतकाच असेल तर ठीक. एखाद्या वर्षी फंड निर्देशांकाच्या पुढे असेल तर खूश होण्याआधी कारण शोधा. फंड फार लहान असेल तर तो बंद होण्याची शक्यता जास्त. बंद झाला तर पैसे मिळतात, पण तारीख तुमची नसते आणि नेमकं तेव्हाच कर भरावा लागू शकतो.

आता कागद भरायचा. उदाहरणार्थ, सगळे शेअर प्रत्यक्ष घेणारा, नफ्याची अट असलेल्या निर्देशांकावरचा, मोठा, कमी स्प्रेडचा फंड: डावीकडे ‘सोपा’, उजवीकडे ‘निम्मे जाऊ शकतात, तीन-चार वर्षं लागू शकतात’. असा फंड मी घेते, फक्त रक्कम उजव्या रकान्याकडे बघून ठरवते. निम्मी गेली तरी चालू खर्च अडणार नाही एवढीच. सॅम्पलिंग करणारा, हजारो नावांचा, बाहेर पडायला बरेच दिवस लागणारा फंड: डावीकडे ‘मध्यम’, उजवीकडे तेच वाक्य आणि वर ‘घाईत विकलं तर आणखी थोडं’. हा घेतला तर रक्कम आणखी कमी, आणि विकायचा असेल तर दोन-तीन हप्त्यांत. डावीकडे ‘अवघड’ आलं तर उजवीकडे काय लिहायचं तेच मला कळत नाही, त्यामुळे तो कागद तिथेच संपतो.

कागदावर तारीख घालते. निर्देशांकाची फेररचना झाली की वरची दहा नावं आणि वीस शेअरचे दिवस पुन्हा काढते. बाकीचे आकडे वर्षातून एकदा पाहिले तरी पुरतात.